आठ वाजताचं रीडिंग

सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीला उतार नावाची गोष्ट नव्हती. सांडपाणीसुद्धा तिथं कुठं जावं ते न कळून उभं राहायचं. तरीही आमचे घरमालक त्या सपाट गल्लीला 'वरचं अंग' आणि 'खालचं अंग' आहे असं धरून चालत. रेशनचं दुकान खालच्या अंगाला, पिठाची चक्की वरच्या अंगाला. नवा पोस्टमन आला की बिचारा पंधरा दिवस गोल गोल फिरे. "अहो काकाजी, ही गल्ली आहे, नदी नाही," असं मी एकदा त्यांना ऐकवलं. त्यांनी माझ्याकडे ढ मुलीकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "मास्तरीनबाई, सगळंच कुठून तरी येते आन कुठं तरी जाते. तुमाले दिसत नाई ते सोडा."

मी प्राथमिक शाळेत शिकवत असे, म्हणून मास्तरीनबाई. आणि ढ म्हणवून घ्यायची सवय नसलेली.

काकाजी मूळचे रोहण्याचे. घरची शेती भावाकडे सोडून ते सरकारी नोकरीत लागले होते आणि ती नोकरी अशी होती की सांगितली तर लोकांना खोटी वाटे. पवनारला धाम नदीच्या पात्रात एक काळी-पांढरी मोजपट्टी रोवलेली होती. रोज सकाळी आठ वाजता तिथं जायचं, पाणी कितव्या रेषेला आहे ते पाहायचं, वहीत लिहायचं आणि वर कळवायचं. बस. पुराच्या दिवसांत दर तासाला. असं त्यांनी तीस वर्षं केलं. नदी वाढवली नाही, कमी केली नाही, अडवली नाही, नुसती पाहिली. निवृत्त झाले तरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेलीच असे. मार्च महिन्यात, कोरड्या ठणठणीत रस्त्यावरसुद्धा. हातात छत्री, जी मी कधी उघडलेली पाहिली नाही.

निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर सुनेच्या डोक्यात जातात. काकाजींना सून नव्हती, मूलबाळच नव्हतं, बायको आधीच गेलेली. त्यांनी नळाजवळच्या खांबावर शून्य ते दहा अशी काळी-पांढरी पट्टी रंगवली, शेजारी एक पाटी टांगली आणि आम्हां तीन बिऱ्हाडांना कामाला लावलं. सकाळी आठच्या ठोक्याला ते एकेका दारात उभे राहत आणि विचारत, "आज किती?"

म्हणजे तुमच्या जिवाचं पाणी आज कितीवर आहे. दहा म्हणजे दोन्ही काठ भरून. शून्य म्हणजे पात्रातले खडक उघडे. नियम दोनच होते. कारण सांगायचं नाही. "कारण नोका सांगू. पट्टी कारण इचारत नाई." आणि उद्याचं बोलायचं नाही. "उद्याचं रीडिंग उद्या." कुणी म्हटलं, कालच्यापेक्षा बरं आहे, तर चिडत. "कालचं काल लिवलं ना बाप्पा!"

चौतीस वर्षांची मी तेव्हा कशी होते म्हणून सांगू? आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर आधी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन, मग घरी नेऊन चहा पाजीन. इस्त्रीची साडी, हातात छडी, आणि आपल्या घरातलं काही कुणाला कळू नये याचा भयंकर अभिमान. काकाजींनी विचारलं की मी म्हणे, "आठ." रोज आठ. आठ वाजता आठ, लक्षात ठेवायलाही सोपं. ते पाटीवर खडूनं लिहीत आणि खाली एक ठिपका देत. बाकीच्यांच्या आकड्याखाली ठिपका नसे. त्या ठिपक्याचा अर्थ मला वर्षभरानं कळला.

देवाच्या बाबतीत ते त्याहून विचित्र होते. त्यांच्या देव्हाऱ्यात मूर्ती नव्हती, तसबीर नव्हती. पवनारच्या पात्रातून आणलेला मुठीएवढा गुळगुळीत काळा दगड होता. त्याला ते 'साहेब' म्हणत. फूल नाही, गंध नाही, आरती तर नाहीच. दारातलं आमचं रीडिंग घेऊन झालं की आत जाऊन त्या दगडासमोर ताठ उभं राहून रिपोर्ट देत आणि येऊन चहा बशीत ओतत. गल्लीतल्या बायका म्हणत, म्हातारा सटकला आहे. त्यात मी आघाडीवर होते. "साहेब कधी काही बोलतात का हो?" असं मी खवचटपणे विचारलं होतं. म्हणाले, "नोकरीत तीस वर्षं वर रिपोर्ट धाडला. वरून एकदाई जबाब नाई आला. पण पगार येत होता. म्हणजे वर कोणीतरी आहे."

यावर मी खूप हसले होते. हसणं स्वस्त होतं तेव्हा.

त्या वर्षी महालक्ष्म्या आमच्याकडे आल्या. एरवी त्या सासूबाईंकडे गावी बसत. आम्ही दोघं भाद्रपदात रजा काढून जात असू. पण सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशन ठरलं होतं. त्यांनी दोन्ही मुखवटे माझ्या मांडीवर दिले, जणू काही आपल्या लेकीच देत आहेत, आणि बजावलं, "जेष्ठीले उजवीकडं बसवजो, धाकटीले डावीकडं. उलटं नोको करजो, माय." मी म्हटलं, "आई, मी शिक्षिका आहे." एसटीत तीन तास ते मुखवटे मांडीवर घेऊन बसले, कुणाला शेजारी टेकू दिलं नाही. घरी आल्यावर मांडले, साड्या नेसवल्या, सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं यथासांग. यांनी, म्हणजे आमच्या नवऱ्यानं, उसन्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. आणि पित्तरपाटात, पितृपक्षातल्या एका सकाळी नळावर बादली भरताना, हे उजव्या अंगावर कोसळले.

लकवा. चाळीस वर्षांचा माणूस, कचेरीत कारकून, सगळ्या कचेरीत यांच्या बोलण्याला हसायला लोक जमत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. मोठ्या दवाखान्यात महिनाभर होतो. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पायात थोडी ताकद येईल. बोलण्याचं सांगता येत नाही. येईलही, नाहीही.

घरी आणल्यावर फोटोची पाकिटं स्टुडिओतून आली. शाळेतली एक बाई समाचाराला आली होती. तिनं फोटो हातात घेतला आणि सहज म्हणाली, "अगं, तुमच्याकडे ज्येष्ठा डावीकडे असते का? आमच्याकडे देवीच्या उजव्या हाताला." मी फोटो पाहिला. मी ज्येष्ठेला माझ्या उजव्या हाताला बसवलं होतं. समोर उभं राहून. म्हणजे देवीच्या डाव्या हाताला.

त्या क्षणी माझ्या डोक्यात जे गणित जुळलं ते आजही आठवलं की हसू येतं. मी उजवी-डावी चुकवली, म्हणून देवीनं यांची उजवी बाजू काढून घेतली. किती चोख हिशेब! मी फोटो तांदळाच्या डब्यात तळाशी पुरला आणि कुणाला, यांनासुद्धा, सांगितलं नाही. सासूबाई डोळे बरे झाल्यावर मदतीला येऊन राहिल्या तेव्हा तर तांदूळ मीच निवडायचे, मीच काढायचे.

मग सुरू झालं देवीची समजूत काढणं. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार, शुक्रवार, शनिवार मारुतीचा. बुधवारी आणि रविवारी देवांना सुट्टी म्हणून मी जेवत असे. शाळेत एकदा बाराखडी म्हणता म्हणता फळ्यावरच कपाळ टेकून सरकत खाली बसले. पोरांना वाटलं बाई 'ठ' काढताहेत. शिवाय मी वस्तू सोडायला लागले. देवासाठी दोडका सोडला. कारलं सोडलं. काकाजींनी नळावर हे ऐकलं.

"दोडका आवडते तुमाले?"

"नाही, पण..."

"आन कारलं?"

मी बादली नळाखाली सरकवली.

"देवाले फसवून राह्यल्या, मास्तरीनबाई. पुरणपोळी सोडा मंग पाहू."

पुरणपोळी मी सोडली नाही. एवढी भक्ती नव्हती.

या सगळ्यात सकाळी आठला ते दारात येत आणि विचारत, "आज किती?" समाचाराला येणारे सगळे म्हणत, होईल ठीक, देव आहे. काकाजी एकदाही असं म्हणाले नाहीत. दवाखान्यात आले नाहीत. घरी यांच्या खाटेजवळ येऊन नुसते बसत. मला त्यांचा संताप येई. आणि मी म्हणे, "आठ." घरात माणूस वाचेविना पडलेला, पदराला औषधाचा वास, आणि मी दारात उभी राहून म्हणतेय आठ.

एक दिवस त्यांनी खडू खाली ठेवला.

"हे अंदाजे आहे," ते म्हणाले. "एक वरीस झालं, तुमचं अंदाजेच आहे. आता मी अंदाजे लिवत नाई." ठिपक्याचा अर्थ तो होता.

"मग काय लिहायचं?" मी ओरडलेच. "शून्य लिहा! शून्याच्या खाली लिहा! काय फरक पडतो?"

ते पायरीवर बसले. पहिल्यांदाच मला त्यांचे गुडघे म्हाताऱ्याचे वाटले. म्हणाले, "माही बायको दवाखान्यात होती. शेवटचे तीन दिवस. मी तिच्या उशाशी होतो, नदीवर गेलतो नाई. पण वही संगं होती. मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून तीन दिवसाचे आकडे लिवले. अंदाजे. परवाच्यापेक्षा एक रेघ कमी, मंग अजून एक रेघ कमी. धाडून देले."

"मग पकडलं का कुणी?"

"कोणीच नाई. कोणाले कळलंच नाई. ती गेली, तेरवी झाली, मी पुन्हा नदीवर जाऊ लागलो, आन कोणालेच कळलं नाई. मले लई दिवस वाटे, म्हणजे मी रोज जात होतो ते कोणासाठी? मंग एक दिवस वाटलं, एकाले त माहीत होतं. त्याले माहीत होतं का मी कुठं बसलेलो आहे, आन काय खोटं लिवून राह्यलो. तिच्याजवळ बसलो ते बरोबरच केलं. पण खोटं काऊन लिवलं? कोरं सोडता आलं असतं. कोरं चालते, बाई. साहेबाले कोरं चालते. त्याले अंदाजे चालत नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज किती?"

मी म्हटलं, "कोरं."

त्यांनी पाटीवर आमच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही आणि निघून गेले. मी पाणी भरायच्या मिषानं त्यांच्या खिडकीखाली गेले. आयुष्यात मी पुष्कळ चोरून ऐकलं आहे, सुनेचं, शेजारणीचं, हेडमास्तरांचं. पण तेवढं लक्ष देऊन कधी नाही. आत ते दगडासमोर उभे होते. आवाज हजेरी घेतल्यासारखा.

"साहेब. मांगच्या खोलीत सहा. कोपऱ्यातल्या खोलीत सात. समोरच्या खोलीत आज कोरं. कोरं म्हणजे काही नाई असं नाई, साहेब. तुमाले माहीत आहे. माहं काम सांगाचं आहे."

मागितलं काही नाही. 'तिच्याकडे बघा' एवढंही म्हणाले नाहीत. मी बादली तिथंच ठेवून घरात आले आणि यांच्या खाटेच्या पायथ्याशी बसून रडले. त्या दिवशी गुरुवार होता. उपास मोडला. भाकरी खाल्ली, ठेच्याबरोबर.

मग काकाजींना मी फोटोचं सांगितलं. फेब्रुवारीच्या शेवटी असेल. सासूबाई यांच्याजवळ बसल्या होत्या, मी काकाजींच्या ओसरीवर तांदळाच्या डब्यातला तो फोटो घेऊन गेले. फोटोवर तांदळाची पांढरी पूड. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "चला. पवनारले."

"आत्ता?"

"बस आहे ना."

बसमध्ये ते खिडकीशी बसले. मी मनातल्या मनात वाक्यं तयार करत होते. आता ते सांगतील, तुमचं चुकलंच नव्हतं. आता ते काही तरी युक्ती काढतील, त्यात माझी बाजू बरोबर ठरेल. मी वकिलाकडे जावं तशी चालले होते. आश्रमाच्या खालच्या बाजूला पात्रात उतरलो. पाणी बारीक झालं होतं, काळे खडक वर आलेले.

"उजवा काठ कोणता?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या उजव्या हाताकडे बोट केलं.

"पाणी कुठं चाललं ते पाहा. आता तिकडं तोंड करा."

मी फिरले. उजवा हात पलीकडच्या काठाला गेला.

"नदीचा उजवा-डावा नदीच्या अंगानं ठरते. आपण कुठं उभं आहो त्याच्यावरून नाई. उजवा कालवा, डावा कालवा, सारं तसंच."

आणि मला एकदम आठवलं. शाळेत रोज सकाळी कवायत घेताना मी पोरांसमोर उभी राहून 'उजवा हात वर' म्हणायचे आणि स्वतः डावा वर करायचे, त्यांना आरशासारखं दिसावं म्हणून. बारा वर्षं करत होते. एवढी हुशार बाई देवीसमोर मात्र विसरली.

"म्हणजे चुकलंच माझं," मी म्हटलं.

"चुकलं ना! मी कवा म्हटलं नाई चुकलं म्हणून?"

मला वाटलं, या म्हाताऱ्याला याच नदीत ढकलावं. पण पाणी घोट्याएवढंच होतं.

"आयका," ते म्हणाले. "एक नवा बाबू आलता आमच्याकडं. त्यानं सा महिने उजवा काठ डावा लिवला, डावा उजवा लिवला. सा महिने! मंग काय झालं? हे गाव उठून त्या काठाले गेलं? नदी उलटी वाह्यली? कागद चुकला, मास्तरीनबाई. पाणी नाई चुकलं. तुमी पाट चुकल्या. तिले तिचं माहीत नाई का, ती कोण आहे ते?"

"मग यांना का झालं?"

"मले नाई माहीत."

असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. कुणी म्हणे पितर, कुणी म्हणे ग्रह, मी म्हणे महालक्ष्मी.

"तीस वर्षं पाह्यलं," ते म्हणाले, "काऊन चढते, काऊन उतरते, मले नाई माहीत. पाऊस वरत कुठं पडला ते मले इथून दिसत नाई. मले एवढंच माहीत आहे का ते येत राह्यते." मग एका खडकाच्या आडोशाची वाळू दाखवून म्हणाले, "हात घाला. झिरा करा."

मी नव्या साडीत वाकून वाळू उपसायला लागले. बांगड्यांत वाळू, नखांत वाळू. हातभर खोल गेल्यावर तळाशी ओल आली, मग पाणी. गढूळ. मी ओंजळ घालायला गेले.

"थांबा ना! निवळू द्या त्याले."

आम्ही त्या खड्ड्याकडे बघत बसलो. दहा मिनिटं तरी. मी तोवर आयुष्यात दहा मिनिटं कशाकडेच बघत बसले नव्हते. पोरांकडे नाही, नवऱ्याकडे नाही, देवाकडे तर डोळे मिटूनच उभी राहायचे, यादी म्हणत. पाणी हळूहळू स्वच्छ झालं. आम्ही दोघं प्यायलो. कोमट होतं आणि त्याला मातीची चव होती. परतीच्या बसमध्ये मला झोप लागली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

काही चमत्कार झाला नाही, हे आताच सांगून ठेवते, नाहीतर माझी नातवंडं वाट बघत बसतील. त्यांना देवाच्या गोष्टीत शेवटी काहीतरी चमकायला लागतं. त्या उन्हाळ्यात हे धरून धरून चालायला लागले, एवढंच. वाचा नव्हती. पुढं मी सकाळी खरे आकडे सांगायला लागले. एक. दोन. एक. एकदा, यांनी मला पाहून डोळे मिचकावले तेव्हा, चार. काकाजी लिहीत आणि जात. त्या रोजच्या आकड्यानं काही बदलत नव्हतं, पण मी कुठे आहे ते मला तरी कळत होतं. देवाला खरं सांगायला लागलं की त्याच्याशी सौदा करता येत नाही. सौद्याला थोडं खोटं लागतंच. उपास आपोआप सुटले. एक शनिवार राहिला, तोही साबुदाण्याच्या खिचडीपायी.

काकाजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. शेवटी नजर गेली, नदीवर जाणं सुटलं. मला वाईट वाटे. त्यांना फारसं वाटत नसावं. "नदीले माहं काही अडलेलं नाई," म्हणत. ते गेले तेव्हा गल्लीतल्या लोकांनी त्यांच्या दगडाचं काय करायचं यावर सभा घेतली. कुणी म्हणालं मंदिरात ठेवू, कुणी म्हणालं पारावर. मी तो पिशवीत टाकून पवनारला नेला आणि पाण्यात सोडून दिला. त्यांना विचारलं असतं तर तेच म्हणाले असते, असा आपला माझा अंदाज. अंदाज त्यांना चालत नसे. पण आता कोण ठिपका देणार?

मला त्यांची आठवण येते ती मात्र आमच्या पवनारच्या फेरीनंतरच्या महालक्ष्म्यांची. वर्ष उलटलं, पुन्हा भाद्रपद आला आणि सासूबाई म्हणाल्या, औंदाही इथंच बसवू, याले गावाले नेणं होत नाई. मुखवटे काढून पुसायला बसल्या तेव्हा मला राहवेना. मी फोटो आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं, उजवी, डावी, यांची उजवी बाजू, तांदळाचा डबा. मला वाटलं आता घरात रणकंदन.

सासूबाईंनी नव्या चष्म्यातून फोटो पाहिला. "अवं माय," त्या म्हणाल्या, "मले चार वर्षांपासून दिसतच नव्हतं. मी चाचपून मांडत होती. कोण कुठं बसली तिचं तिलेच माहीत!" आणि हसायला लागल्या. मीही. खाटेवर बसलेल्या यांचे खांदे हलत होते; आवाज येत नव्हता, पण तो माणूस हसत होता.

पूजा झाली. मी हात जोडून उभी राहिले, डोळे उघडे ठेवून. दोघी आपापल्या जागी बसल्या होत्या, चांगल्या दिसत होत्या. मी म्हटलं, हे भिंत धरून न्हाणीपर्यंत जातात. हात थोडा उचलतात. बोलत नाहीत. मी दमले आहे, आणि मला तुमची भीती वाटेनाशी झाली आहे. मागायचं राहून गेलं हे पंगत बसल्यावर लक्षात आलं, आणि तेव्हा हातात तुपाची लोटी होती.

काकाजींना जेवायला बोलावलं होतं. ते यांच्या शेजारच्या पाटावर बसले. मी यांच्या पानात पोळी वाढली. यांनी डाव्या हातानं पोळीकडे बोट केलं, मग माझ्या हातातल्या लोटीकडे. आमच्याकडे पुरणपोळी तुपाशिवाय म्हणजे जेवणच नाही. मी वाकलेच होते, तोच काकाजींनी यांच्या पानावर आपला तळवा आडवा धरला.

"थांबा."

"काकाजी, त्यांना तूप हवंय."

"तुमाले माहीत आहे. मलेई माहीत आहे. त्याईले सांगू द्या."

"अजी वाढू द्या ना!" सासूबाई म्हणाल्या. "भुकेलं आहे लेकरू."

काकाजींनी तळवा हलवला नाही. मी लोटी धरून उभी. वर्षभराचं मला दिसायला लागलं. यांनी पेल्याकडे पाहिलं की पाणी, खिडकीकडे पाहिलं की पडदा, भुवई उचलली की उशी. मी इतकी तत्पर सेवा केली होती की या माणसाला तोंड उघडायचं कारणच ठेवलं नव्हतं. यांच्या वतीनं मी लोकांशी बोलायचे, डॉक्टरांशी बोलायचे, देवाशी बोलायचे. थांबणं तेवढं मला कधी जमलं नव्हतं.

यांचं तोंड उघडलं. उजवीकडचा ओठ लटकला होता. एक आवाज आला, नुसता वारा. यांनी डोळे मिटले. कपाळावर घाम आला. सासूबाईंनी पदर तोंडात धरला. मी देवीकडे पाहिलं नाही, काकाजींकडेही नाही. या माणसाच्या तोंडाकडे पाहत राहिले. शेजारच्या घरी कुणीतरी पाटा धूत होतं. आमटी निवत होती. कुणालाही घाई नव्हती, मलासुद्धा.

"तूप," हे म्हणाले.

काकाजींनी तळवा उचलला. मी लोटी कलती केली आणि ती सरळ करायची विसरले. तूप पोळीवरून उतरलं, भाज्यांच्या मधून वाट काढत आंबिलीच्या द्रोणाला जाऊन भिडलं.

"अवं बस!" सासूबाई रडत ओरडल्या. "बुडाली ना व पोळी!"

हे त्या भरलेल्या पानाकडे पाहत होते. मग मान वर केली, मला नीट पाहिलं, आणि आधीपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "तूप."

लोटीच्या तळाशी थोडं उरलं होतं. तेही वाढलं.